सिस्टर आणि गिरणीचं तळं

सिस्टरनी मला खोली दिली ती मी भंडाऱ्याची म्हणून. त्याआधी भेटलेल्या घरमालकिणी नोकरी कुठे ते विचारत, जात आडून विचारत आणि घरी किती वाजता येणार ते सरळ विचारत. डिलाईल रोडच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पांढऱ्या केसांच्या उंच बाईंनी दार अर्धवट उघडलं, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गाव?"

"भंडारा."

"तिकडे तळी फार ना?"

"हो."

"मासे खातेस?"

मला वाटलं, संपलं, शाकाहारी घर दिसतंय. पण बॅगेचा पट्टा खांद्यात रुतत होता आणि खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "खाते," मी म्हणाले, "पण तळ्यातले. समुद्राचे मला अजून जमत नाहीत."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. "आत ये. या चाळीत रोज कोणीतरी मला ऐकवतं की तळ्यातला मासा हा मासाच नव्हे. आता आपण दोघी झालो."

परळच्या एका हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात जन्म घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. चाळीत, दुकानात, रस्त्यावर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांचं खरं नाव काय, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझा ताप बघितला असता. कुठल्याही अडचणीच्या प्रश्नावर त्यांचं हे ठरलेलं उत्तर होतं. समोरच्याच्या तोंडात थर्मामीटर घालायचा. मग तो बोलू शकत नाही.

पहिल्याच रविवारी सकाळी मी उठले तर सिस्टर मिस्टरांची जुनी खाकी हाफ पँट, वर सुती कुडता आणि डोक्यावर ऑपरेशन थिएटरची हिरवी टोपी अशा वेशात चपात्या लाटत होत्या. बाजूला फुलाफुलांच्या पडद्यात गुंडाळलेला लांब दांडा भिंतीला टेकवला होता. "चल," त्या म्हणाल्या, "आणि जिन्यात कोणी विचारलं तर पडद्याचा दांडा आहे, बसवून घ्यायला चाललोय."

जिन्यात शेजारच्या तारामावशी भेटल्या. त्यांनी दांड्याकडे पाहिलं, हिरव्या टोपीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चललंत चिखल खावक?" म्हणजे चाळीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. पडद्याचं सोंग सिस्टर केवळ स्वतःच्या आनंदासाठी करत होत्या.

आम्ही गेलो ते जवळच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे. भिंतीला लागून एक तळं होतं. गिरणी चालू असताना यंत्रं थंड ठेवायला ते पाणी लागायचं. सिस्टरांचे मिस्टर त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, होते. त्यांनी आणि त्यांच्या खात्यातल्या लोकांनी कधीकाळी कुठूनतरी पिशवीतून बोटाएवढी पिल्लं आणून त्यात सोडली होती. गिरणी गेली, मिस्टर गेले, मासे मात्र राहिले. दरवाजावरच्या म्हाताऱ्या वॉचमनला आत कोणाला सोडायची परवानगी नव्हती. पण सिस्टर दर रविवारी त्याचं ब्लडप्रेशर तपासत, आणि तपासायचं तर ते तळ्याकाठच्या उंबराखाली, सावलीतच तपासायला लागतं, असं त्यांनी त्याला पटवून दिलं होतं.

त्या दिवशी तासाभरात त्यांच्या गळाला एक रोहू लागला. माझ्या हाताएवढा, तांबूस खवल्यांचा, सुरेख. मुंबईत येऊन मला दोन महिने झाले होते. तो गवतावर आला आणि माझं मन थेट आईच्या चुलीपाशी गेलं. लसूण, जवस, लाल तिखट. मी मनात तुकडेसुद्धा पाडले. शेपटी मला, डोकं बाबांना.

सिस्टरनी खिशातून चिमटा काढला, रक्तवाहिनी धरायला वापरतात तो. एका झटक्यात गळ सुटला. "झालं झालं, बाळा, एवढंच होतं," त्या माशाला म्हणाल्या. मग ओल्या फडक्याच्या झोळीत घालून काट्यावर वजन केलं, ओठाला कापसाने जांभळं औषध लावलं आणि त्याला दोन्ही हातांनी पाण्यात नेऊन सोडून दिलं.

"सिस्टर, सोडला?"

"मग काय, ॲडमिट करून ठेवू?"

"मग पकडला कशाला?"

"तब्येत बघायला," त्या म्हणाल्या, आणि गळाला नवीन गोळी लावू लागल्या.

असं मी तीन वर्षं सोसलं. दर रविवारी माझ्यासमोर एक जेवण पाण्यात परत जायचं.

त्या गोळ्यांचं एक वेगळंच प्रकरण होतं. बेसन खमंग भाजून त्यात खवा, पिकलेलं केळं, बडीशेप, वेलची आणि भिजवलेली मेथी घालून सिस्टर त्या वळत. हे आमिष स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये असायचं. गांडुळांचा डबा निराळा, त्यावर लाल फुली. एकदा त्या बाजारात गेल्या असताना तारामावशींच्या घरी भजनाच्या बायका जमल्या आणि मावशी साखर मागायला आल्या. साखर नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच फ्रीज उघडून डबा नेला. सिस्टर परत आल्या तेव्हा भजन रंगात आलं होतं आणि डबा रिकामा होता. मी पांढरी पडले. सिस्टर दारात उभ्या राहून शांतपणे ऐकत होत्या.

"कोणी केल्यान गो लाडू?" मावशींनी टाळ थांबवून विचारलं. "मेथी पडली हा बरी."

"मी केले," सिस्टर म्हणाल्या. "कंबरेला चांगले असतात."

पुढचे कितीतरी महिने भजनाच्या दिवशी मावशी डबा पाठवून द्यायच्या. सिस्टर न कुरकुरता भरून द्यायच्या. "सगळं खायचंच तर आहे त्यात," त्या मला म्हणाल्या. "माशाला मी कधी वाईट वस्तू घातलेली नाही."

तळ्याच्या काठी त्या फार बोलत नसत, पण जे बोलत ते ऐकण्यासारखं असे. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या पाण्यात फिरतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. "तिघंजण एका खोलीत राहतात आणि कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही," त्या म्हणत. "आमच्या चाळीत नळावर हे जमलं असतं तर माझे टाके घालायचे कष्ट वाचले असते." तिलापियाबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. तो कुणी आणून टाकला कळत नाही, तो काहीही खातो, कुठेही राहतो आणि इतकी पोरं काढतो की दुसऱ्यांना जागा उरत नाही. "व्हिजिटिंग अवर्समध्ये आलेले नातेवाईक," त्या तुच्छतेने म्हणायच्या. एकदा मात्र एक तिलापिया मादी काठाशी आली. तिच्याभोवती मोहरीएवढी पिल्लं होती. माझी सावली पडली तसं तिने तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं आत शिरली. सिस्टरनी ते पाहिलं. मग त्यांनी गळ काढून घेतला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या.

आणि एक होता आरएमओ. तो कटला केवढा होता ते नीट कोणी पाहिलं नव्हतं. भर दुपारी तळ्याच्या मध्यावर एक रुंद काळपट पाठ वर यायची, थोडं पाणी हलायचं आणि ती पाठ निघून जायची. "राउंड घेऊन गेला," सिस्टर म्हणायच्या. "मनाला येईल तेव्हा येतो, कोणाचं ऐकत नाही, हाक मारली तर मुळीच येत नाही. आमच्या हॉस्पिटलातला आरएमओ, तिथेच राहणारा मोठा डॉक्टर, असाच होता." मिस्टरांनी सोडलेल्या पहिल्या पिल्लांपैकी तो होता, असा त्यांचा दावा होता. मासा इतकी वर्षं जगतो का, असं मी एकदा विचारलं. तोंडात थर्मामीटर आला.

तिसऱ्या उन्हाळ्यात वॉचमनने ब्लडप्रेशर तपासून घेताना सांगितलं की बिल्डरचे लोक येऊन गेले, तळं उपसून भर घालणार, पंप येतोय. सिस्टरनी त्याच्या दंडावरची पट्टी सोडली नाही. हवा तशीच भरलेली राहिली आणि तो बिचारा हात वर करून बसला.

"आणि मासे?"

"मासे काय, सिस्टर. पाणी गेलं की कावळे येतील."

त्या दिवशी त्यांनी गळ टाकलाच नाही. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. संध्याकाळी साळुंखेंना फोन लावला. साळुंखे हॉस्पिटलच्या बाहेर स्वतःची ॲम्ब्युलन्स चालवायचे. गाडी दुरुस्तीला जाणार होती, पत्रा ठोकायला गॅरेजला द्यायची होती.

"एक दिवस उशिरा दे," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट न्यायचेत. मुरबाडला."

"किती पेशंट?"

"बघू, किती सापडतात ते."

साळुंखे दुसऱ्या दिवशी तळं बघून आले आणि डोक्याला हात लावून बसले. "सिस्टर, हे काय लफडं आहे? मी आत्तापर्यंत गाडीत कोंबडीसुद्धा नेली नाही." पण त्यांच्या आईला शेवटच्या आजारात सिस्टरनी रोज घरी येऊन ड्रेसिंग केलं होतं. ते गाडीतला स्ट्रेचर काढून ठेवायला गेले.

पंप चार दिवस चालला. पाचव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा आम्ही तिथे पोचलो. मी, साळुंखे, निळे प्लास्टिकचे ड्रम, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि पांढऱ्याशुभ्र गणवेशाच्या साडीत सिस्टर. निवृत्तीनंतर ती साडी त्यांनी पहिल्यांदाच नेसली होती. गढूळ पाण्यात पाठी सळसळत होत्या आणि भिंतीवर कावळे रांगेत बसले होते. साळुंखेंनी एक मासा धरायला हात घातला आणि ते बसकण मारून पडले. मी धरलेला मृगळ माझ्या थोबाडीत मारून गेला. तासाभराने ड्रममध्ये तीन मासे होते आणि आम्ही तिघंही ओळखू येत नव्हतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जाळा खंय हा तुमचा?"

तारामावशी. उंबराखाली उभ्या, कमरेवर हात.

"जाळं नाही," मी म्हणाले.

"मगे काय, हातान धरतल्यात? देवा म्हाराजा." त्या आल्या तशा गेल्या, आणि परत आल्या त्या दोन जुन्या नऊवारी घेऊन. कासोटा घट्ट करून त्या सरळ चिखलात उतरल्या. लहानपणी खाडीत त्यांनी असेच मासे धरले होते. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं साळुंखेंना दिलं, आणि ती नऊवारी चिखलातून अशी ओढत आणली की सिस्टर पाण्यात उभ्या उभ्या हसायला लागल्या. रोहू, कटले, मृगळ ड्रममध्ये जात होते. तिलापिया मावशी मागे बादलीत टाकत होत्या. "ह्यांका खंय न्हेतल्यात? दुसऱ्याचा तळा बिघडवतले," त्या म्हणाल्या, आणि सिस्टरनी मान डोलावली. त्या दोघींचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

आरएमओ शेवटी निघाला. तो गाळात आडवा पडला होता. माझ्या कमरेपर्यंत आला असता एवढा. साडीत गुंडाळून त्याला चौघांनी उचललं. ड्रममध्ये ठेवला तर कलंडला. कल्ले उघडझाप करत होते, पण मंद.

सिस्टर गाडीत ड्रमशेजारी गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून त्यांनी त्याला सरळ धरलं आणि पुढेमागे हलवू लागल्या, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. मी ऑक्सिजनची नळी धरून बसले. साळुंखेंनी आरशातून विचारलं, "सायरन लावू?"

"नाही. खरा पेशंट असेल त्याला रस्ता लागतो. नीट चालव."

हिंदमाताच्या सिग्नलला ट्रॅफिक हवालदाराने अडवलं. ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारातून पाणी गळत होतं. त्याने दार उघडलं. चिखलाने माखलेली मी, पांढऱ्या साडीतली म्हातारी नर्स, बुडबुडे.

"पेशंट कुठंय?"

"हा काय," सिस्टर वर न बघता म्हणाल्या. "दम लागलाय त्याला."

हवालदाराने वाकून ड्रममध्ये पाहिलं. मग टोपी मागे सारून पुन्हा पाहिलं.

"बाई, हा मासा आहे."

"कटला आहे."

"विकायला नेताय?"

"वाचवायला. तुम्हाला खात्री नसेल तर चला मुरबाडपर्यंत, मला एक माणूस कमीच पडतोय. हात भरून आलेत."

मागे हॉर्न वाजू लागले. हवालदाराने साळुंखेंकडे पाहिलं, साळुंखेंनी आकाशाकडे पाहिलं. "सायरन वाजवू नका," शेवटी तो म्हणाला आणि त्याने दार स्वतः हळू लावलं.

मुरबाडला सिस्टरांच्या जुन्या मैत्रिणीचं, वॉर्डातल्या एका आयाबाईचं, शेततळं होतं. बाकीचे मासे सोडल्या सोडल्या खाली गेले. आरएमओ काठाशीच पडून राहिला. सिस्टर कमरेभर पाण्यात उभ्या राहून त्याला धरून होत्या. ऊन उतरलं, साळुंखे चहा पिऊन आले, मैत्रीण दोनदा म्हणाली की सोड आता, तो काही जगत नाही. सिस्टरनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग केव्हातरी त्यांनी हात बाहेर काढले. ते रिकामे होते. तो गेला तो जगायला गेला की मरायला, कोणालाच कळलं नाही. काळोख पडल्यावर आम्ही परत निघालो.

चाळीत मात्र मसाल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. मावशींनी बादलीभर तिलापिया साफ करून, कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तळले होते. मी सात खाल्ले. मावशींनी किती खाल्ले ते मोजायची कोणाची हिंमत नव्हती. "कसे आहेत?" मी विचारलं. त्या काटा काढत म्हणाल्या, "मसाल्याक चव असता गो, माशाक खंय?" आणि आणखी एक घेतला.

सगळं तिथेच संपायचं. पण बिल्डरची भर घालायची परवानगी कुठेतरी अडकली, पावसाळा आला आणि तळं पुन्हा भरलं. मग त्यांच्यातल्या कोणालातरी वाटलं की राहू दे, तळ्याकाठचे फ्लॅट चांगले जातील. जाहिरातीत कमळं काढली. पण खऱ्या तळ्यात आता एकही मासा नव्हता. दिवाळीपर्यंत पाणी हिरवंगार झालं, वास सुटला आणि डासांच्या अळ्यांनी ते नुसतं वळवळू लागलं. फ्लॅट बघायला आलेली माणसं अंग खाजवत परत जायला लागली. डासांवरून नोटीसही आली.

एका सकाळी इस्त्रीच्या शर्टातले मॅनेजरसाहेब आमच्या दारात उभे होते. वॉचमनने पत्ता दिला होता. "मॅडम, त्या तळ्यात म्हणे आधी मासे होते," ते म्हणाले.

"होते," सिस्टर म्हणाल्या. "बसा. दंड पुढे करा."

ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. ते बघून सिस्टरांचा चेहरा उजळला. मासे परत हवेत का, तर मिळतील. फी नको. तळाला फरशी बसवायची नाही, उंबर तोडायचा नाही, आणि रविवारी त्या तिथे गळ टाकून बसणार. मॅनेजरना मात्र तळ्यात कारंजं हवंच होतं. अखेर कारंजं रविवारी बंद, यावर तह झाला.

मुरबाडहून मासे परत आणायला रीतसर टेम्पो आला. मी ऑफिसात होते, मला जाता आलं नाही. संध्याकाळी विचारलं, "आरएमओ सापडला?"

"तीनदा जाळं टाकलं. नाही आला," त्या म्हणाल्या आणि भात उपसायला गेल्या. त्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी नाशिकला गेले.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी मुंबईत आले तेव्हा मावशींनी सांगितलं, सिस्टर चाळीत नाहीत, मुरबाडला मैत्रिणीकडे गेल्यात, आता तिथेच असतात. तब्येत बरी नसते, गुडघे गेलेत. मी दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिकडे गेले. शेततळ्याच्या काठी खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. हातात गळाची काठी होती.

"बस," त्या म्हणाल्या. कशी आहेस, नवरा कसा आहे, काही नाही. "परवापासून खाली काहीतरी मोठं फिरतंय."

मी बसले. बऱ्याच वेळाने तरंगा एकदा हलला आणि मग सरळ आत गेला. काठी अशी वाकली की सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी त्यांना कमरेला धरलं. "मला नको धरू, काठी धर," त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून ती धरली. गळाचं नायलॉनचं तंगूस पाण्याला चिरत पलीकडच्या काठापर्यंत गेलं, वळलं, आणि मध्यावर एक रुंद काळपट पाठ वर आली. सिस्टरांचा श्वास माझ्या कानाशी थांबला. मग पाठ खाली गेली, एक झटका बसला आणि काठी सरळ झाली.

"गेला, सिस्टर," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. तुटलेलं तंगूस बोटाभोवती गुंडाळून त्यांनी डोळ्यांजवळ नेलं आणि त्याचं टोक चांगलं निरखलं.

"केवढं जाड होतं ते बघ. तोडलं त्याने," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "ड्रममध्ये याने मान टाकली होती माझ्या हातात. मंगळवारी बाजारात जाऊन याहून जाड आणू या. तू आहेस ना मंगळवारपर्यंत?"

माझं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. "आहे," मी म्हणाले.